ड्रॅगन अडखळायचा तेव्हा

हुवेई गावच्या लियाओ घराण्यात हातबाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. गावोगावच्या देवळांत देवाचा वाढदिवस आला की अंगणात त्यांचा ट्रक उभा राहायचा आणि ट्रकची एक बाजू उघडली की रंगमंच तयार व्हायचा. पुढची रांग देवांसाठी मोकळी, माणसं त्यामागे. लियाओ चिन्शुई बाहुली हातात चढवायचे आणि एकाच गळ्यातून सेनापती, विधवा, भूत असे सगळे बोलू लागायचे.

सूचिंग त्यांची एकुलती एक लेक. ताइचुंग शहरात गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून घरी आली ती मनात एक बेत घेऊनच. मागचा रंगवलेला पडदा काढायचा, तिथे मोठी स्क्रीन लावायची आणि डोंगर, वणवा, ड्रॅगन हे सगळं बाहुलीच्या हालचालीबरोबर कॉम्प्युटरकडून तिथल्या तिथे रेखाटून घ्यायचं. आधी करून ठेवलेली फिल्म चालणार नव्हती, कारण बाबा रंगात आले की प्रसंग किती लांबवतील याचा नेम नसायचा.

त्यासाठी तिने कॉम्प्युटरला चित्रं रेखाटून देणारं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते बनवणारी कंपनी या धंद्यात नवखी होती, पण कार्ड ताकदीचं होतं आणि तिच्या ऐपतीत बसत होतं. घरी ते झकास पळालं. पहिल्याच जाहीर खेळात मात्र ड्रॅगन ढगांतून अर्धा बाहेर आला आणि थबकला. क्षणभरच, पण बाबांचा सेनापती तलवार उगारून उभा होता. बाबांनी त्याला सावकाश दाढी कुरवाळायला लावली. तेवढ्यात ड्रॅगन निघाला. पुढे वणवा पेटताना तेच झालं, पूर येताना तेच.

"तुझ्या ड्रॅगनला दमा आहे का गं?" खेळ आटोपल्यावर बाबांनी विचारलं.

"कार्ड नवीन आहे, बाबा. सुधारेल."

"आमच्या वेळी आधी सुधारायचे आणि मग लोकांसमोर यायचे."

सूचिंगने मोजून पाहिलं. दर सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याची सरासरी उत्तम येत होती, थबकणं मात्र त्या आकड्यात कुठेच दिसत नव्हतं. इंटरनेटवर त्या कार्डाची टवाळी चालली होती. अंगात बळ आहे पण अक्कल नाही, असं लोक लिहीत होते. अक्कल म्हणजे ड्रायव्हर. प्रोग्रॅमचं म्हणणं कार्डाला कळेल अशा भाषेत सांगणारी प्रणाली. तिने खेळाची चित्रफीत जोडून कंपनीला तक्रार पाठवली आणि उत्तराची आशा न धरता कामाला लागली.

उत्तर आलं. ये शिऊमान नावाच्या बाईंचं. त्या शिन्चूच्या कचेरीत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी होत्या. आधी त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारले आणि मग एका शनिवारी सकाळी डोक्यावर उन्हाची टोपी आणि काखेत लॅपटॉप अशा स्वतःच दारात उभ्या राहिल्या.

"मी जेवून आले नाहीये," त्या आत येत म्हणाल्या. "हुवेईला येऊन तेलातला भात खाल्ला नाही तर आई बोलेल मला."

बाबांना त्या तिथेच आवडल्या.

जेवण झाल्यावर गोदामात तालीम लावली. ड्रॅगन निघाला, थबकला, मग आला.

"परत काढ," येबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तो सुळकन आला. तिसऱ्यांदाही.

"पहिल्यांदाच अडखळतो," येबाई लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाल्या. "खेळ करण्याआधी तू काही बदलतेस का?"

"स्क्रीनवरच्या पताकांवर त्या त्या देवळाचं नाव घालते, आजही घातलंय. बाकी काही नाही."

"तिथेच घोळ आहे. ड्रॅगन कसा रंगवायचा, हे ड्रायव्हर एकदा कार्डाच्या भाषेत उतरवून ठेवतो. तू एक नाव बदललंस की त्याला वाटतं सगळंच नवीन आहे. मग जुनं सगळं फेकतो आणि ड्रॅगन समोर आला की पुन्हा पहिल्यापासून उतरवत बसतो."

"म्हणजे नट रंगमंचावर येऊन संवाद पाठ करतोय," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच, गुरुजी. आणि नटाचा दोष नाही, त्याला तसं शिकवणाऱ्या आमचा आहे. आम्ही सरासरी वाढवण्याच्या मागे होतो."

सूचिंग त्यांच्याकडे बघत राहिली. माल विकून झाला होता, तिच्याकडून कंपनीला आणखी काही मिळणार नव्हतं. तरी ही बाई सुट्टीच्या दिवशी गोदामातल्या उकाड्यात बसून तोच ड्रॅगन पुन्हा पुन्हा बाहेर काढायला लावत होती आणि दर वेळी काहीतरी नवं टिपत होती.

काही आठवड्यांनी येबाईंनी चाचणीचा ड्रायव्हर पाठवला. "अजून कच्चा आहे, लोकांसमोर वापरू नकोस," असं बजावलंही होतं. पण घरी तो इतका सुरळीत चालला की सूचिंगला राहवलं नाही. शीलुओच्या देवळात तिने तोच लावला. ड्रॅगन जराही न अडखळता, डौलात बाहेर आला. फक्त त्याला डोकं नव्हतं.

अंगणात खसखस पिकली. बाबांचा सेनापती बिनमुंडक्याच्या ड्रॅगनला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "समजलं. देवाच्या घरी जेवण आहे म्हणून तोंड आधीच पुढे पाठवलंस." लोक हसून बेजार झाले, पण ट्रकमागे येताच बाबा स्क्रीनकडे न बघता बाहुल्या पेटीत भरू लागले.

सूचिंगने फोन लावला.

"मी सांगितलं होतं तुला," येबाई म्हणाल्या.

"हो. चुकलं माझं."

"बरं झालं एका अर्थी. डोकं जातं हे आम्हाला इथे दिसलंच नव्हतं. त्या खेळाच्या सगळ्या फाइली पाठव मला. आमचे साहेब म्हणतात, बाहुल्यांपायी किती दिवस घालवायचे? मी म्हटलं, हा ड्रॅगन नीट चालला ना, तर हजार गेम नीट चालतील."

बैगांगला समुद्रमाता माझूचा वाढदिवस जवळ आला होता. वर्षातला सगळ्यात मोठा खेळ तो. एका सकाळी सूचिंग अंगणात आली तर जुना पडदा दोरीवर वाळत टाकलेला.

"हे काय, बाबा?"

"ऊन चांगलं पडलंय," बाबा म्हणाले आणि पडदा झटकू लागले.

नवा ड्रायव्हर आला तो बैगांगला निघायच्या आठवड्यात, कच्चा नव्हे तर सगळ्या गिऱ्हाइकांसाठी. सोबतच्या टिपणात दुरुस्त्यांची मोठी जंत्री होती. त्यात कुठेतरी खाली लिहिलं होतं, 'काही प्रोग्रॅममध्ये दृश्य प्रथम उमटताना येणारा खंड कमी केला आहे.' एवढंच. कोणाचं नाव नाही, बाहुल्यांचा उल्लेख नाही.

बैगांगला अंगण फटाक्यांच्या धुराने भरलं होतं. सूचिंगने स्क्रीन सुरू केली. ढग फाटले आणि ड्रॅगन आला. अख्खा, डोक्यासकट, आणि अगदी बाबांच्या शब्दासरशी. सेनापतीने तलवार फिरवली तशी त्याची मान वळली. बाबांनी प्रसंग लांबवला, मध्येच एक वणवा मागितला, जो ठरलाच नव्हता. तिने तो पेटवला. तोही मागे राहिला नाही. बाबा असे मोकळे सुटलेले तिने लहानपणानंतर पाहिले नव्हते.

"कार्ड बदललंस?" खेळानंतर घाम पुसत त्यांनी विचारलं.

"तेच आहे. एक स्क्रूसुद्धा हलवला नाही."

बाबांनी हातातली बाहुली उतरवून तिच्याकडे पाहिलं. "लाकूड तेच आणि हात बदलला," ते म्हणाले. "त्या बाईला बोलाव. पोटभर जेवायला."

एव्हाना इंटरनेटवरच्या परीक्षकांनी कार्ड नव्याने तपासलं होतं. वर्षभरापूर्वी ज्यांनी त्याला निकालात काढलं होतं, तेच आता घ्यायला हरकत नाही म्हणत होते. सूचिंगने ते येबाईंना कळवलं, तर "वाचलं. वाफवलेल्या भाकऱ्या मिळतात का तिकडे?" एवढंच उत्तर आलं.

पुढच्या खेळाला त्या आल्या. बाबांनी त्यांच्यासाठी देवांच्या रांगेलगत खुर्ची मांडली होती. आजूबाजूच्या म्हाताऱ्या ही कोण म्हणून वळून बघत होत्या. ड्रॅगन आला तेव्हा येबाई हसल्या, लहान मुलीसारख्या तोंडावर हात ठेवून. खेळ संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

"कसा वाटला?" सूचिंगने ट्रकवरून उतरत विचारलं.

"गुरुजींचा हात म्हणजे काय सांगू. मी तर रडलेच विधवेच्या प्रवेशाला." येबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला. "पण भूत येताना स्क्रीनवर धूर पसरतो ना, तो किंचित अडखळतो."

"मला तर काही दिसलं नाही."

"मला दिसलं," येबाई म्हणाल्या. "विजेचा बोर्ड कुठेय तुमचा?"