तीन किलो खडे मीठ

बाळासोंच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सैल झाला. निशिगंधा मॅडमनी फाइलमध्ये आकडा लिहिला : एकशे साठ, शंभर. तिसऱ्या खेपेलाही तोच.

बाळासो बावीस वर्षं डेअरीचा दुधाचा टँकर चालवत होते. रक्तदाब वाढलेला सापडला तेव्हा डेअरीच्या डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं, गोळी सुरू केली आणि आहाराच्या सल्ल्यासाठी या मॅडमकडे पाठवलं. महिनाअखेरपर्यंत वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली आला नाही, तर टँकर कायमचा सुटणार होता आणि नशिबी गेटवरची खुर्ची येणार होती.

"गोळी रोज घेता?"

"व्हय की. ही हातावर ठेवती."

"मग मीठ कुठून जातंय?" मॅडमनी त्यांच्या बायकोकडे, झुंबरबाईंकडे पाहिलं.

"मॅडम, हिचा हातच सैल हाय मिठाला," बाळासो म्हणाले.

झुंबरबाईंचा चेहरा उतरला. "जोतिबाची शप्पत! दोन म्हैनं झालं, आमटीत चिमूटभर घातलं न्हाय. पापड न्हाय, लोणचं न्हाय. तुम्हीच म्हणालासा, अळणी लागलं तर तिखट जरा वाढवा. तेवढं वाढीवलंय."

"तिखट चालेल," मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या अकोल्याच्या.

शिवाजी पेठेतल्या घरी येईपर्यंत झुंबरबाई नवऱ्याच्या चार पावलं पुढंच चालल्या. चारचौघांत चोर ठरावं तसं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वर्षाची चटणी कुटायला आकारामच्या डंकावर, मिरची कुटायच्या गिरणीत गेल्या. भाजलेल्या मिरच्या, खोबरं, तीळ, तळलेला कांदा, लसूण, सगळं घरून तयार करून नेलं होतं. झुंबरबाईंच्या चटणीचं माप गल्लीत चालायचं; लग्न होऊन गेलेल्या पोरीसुद्धा फोन करून विचारायच्या. डंकाच्या दणक्यात आकाराम ओरडला, "वैनी, धा किलो मिरचीला मीठ किती?"

"दरसालासारखं. तीन किलो, खडं."

आकारामनं पोत्यातून मीठ काढलं आणि तराजूत ओतलं. पांढरा ढीग वाढत गेला. झुंबरबाई त्या ढिगाकडे बघत राहिल्या.

"थांब."

"काय झालं?"

"थांब म्हटलं न्हवं!"

आमटीतलं मीठ त्यांनी बंद केलं होतं. पण आमटी अळणी लागते म्हणून एक चमचा चटणीच्या जागी तीन चमचे घातली होती. भाजीत तेच, अंड्याच्या रश्श्यात तेच. चटणी म्हणजे तिखट, एवढंच आजवर डोक्यात होतं. कुटताना एकदा पडलेलं मीठ पुढं वर्षभर कुणाला दिसतच नव्हतं.

"मीठ घालू नगंस," त्या म्हणाल्या.

"वैनी, बुरशी धरंल की! मिठाशिवाय वरीसभर टिकंल व्हय?"

"वरीसभराची करूच नगंस. दोन किलोची कूट. ती फ्रीजात ठेवीन. ऱ्हायलेलं परत न्हेते, लागंल तसं आणीन."

"गल्लीत कळलं तर हसतील बायका."

"हसू देत."

घरी न जाता त्या तशाच मॅडमकडे गेल्या. जुन्या बरणीतली चटणी भरलेला स्टीलचा डबा सकाळी डंकावर रंग दाखवायला म्हणून घेतला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. "ह्ये आमचं तिखट."

मॅडमनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. "अहो, हे तर खारट आहे! मी नुसत्या मिरचीपुडीबद्दल बोलत होते."

"आमच्यात नुसती मिरचीपूड कोण घालतंय? ह्येच्यात मीठ हाय, ह्ये माझ्या ध्यानात न्हवतं. तुमास्नी तर ठावंच न्हवतं."

मॅडमनी फाइल उघडली. मग 'तिखट चालेल' या ओळीवर त्यांनी काट मारली. "चूक माझीही आहे. घरात अजून कोण कोण हे खातं?"

"सगळीच. ल्योक विश्वजित, सून."

"मुलाचं वय?"

"बत्तीस."

"त्यालाही एकदा घेऊन या."

विश्वजितचा आकडा निघाला एकशे छत्तीस. गोळी नको, पण बेफिकिरीही नको, असं मॅडमनी सांगितलं. त्या रात्री सुनेनं विचारलं, "आत्ती, मामांची चटणी येगळ्या बरणीत भरू?"

"येगळी कशाला? घरात एकच चटणी. आन् मीठ आमटीतच, ह्या ल्हान चमच्यानं. काय पडतंय ते डोळ्यांनी दिसाय पायजे."

पहिला आठवडा बाळासोंनी ताट नुसतं चिवडलं. दुसऱ्या आठवड्यात लिंबू मागून घेतलं. तिसऱ्यात तक्रार केली नाही.

महिनाअखेर पट्टा सैल झाला. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी सही केली, गोळी चालू ठेवायला बजावलं.

पहाटे टँकरवर जाताना बाळासो उंबऱ्यात घुटमळले. "त्या दिशी मॅडमम्होरं बोललो ते..."

"डबा घ्या आधी," झुंबरबाई म्हणाल्या. "आन् धाब्यावरचा रस्सा वरपून आलासा, तर पट्टा मला कळीवतोय."