तांबूस रेघ

ऐरणीवर वाळलेली संत्र्याची साल.

बडनेऱ्याहून निघालेल्या मालगाडीची शिट्टी.

"आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती..."

काळ्या लोखंडावर केसाएवढी तांबूस रेघ.

घणाखाली आणखी एक हूक चिरला तेव्हा उस्मानने सांडशी आपटली. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारे हूक तो एकाच जाड सळईतून करत होता. सळई भंगारवाल्याकडची, वरून चांगली गुळगुळीत.

"कमी तापलं," तो म्हणाला. "थंड लोखंड घण सोसत नाई. अजून शेकू."

शेकणं ही घरची रीत. त्याचे अब्बा, आजोबा, सगळे हेच करत. लोखंड कुरकुरलं, की त्याला आगीत निजू द्यायचं.

त्याची मुलगी गजाला अमरावतीला पॉलिटेक्निकात शिकायची. तिने चिरलेला हूक गार होऊ दिला, वरची खपली कानशीने खरवडली, उजेडात धरला.

"अब्बा, याच्यात तांबं हाय."

"लोखंडात तांबं? कालेजात आता भुतं बी शिकवतेत काय?"

"भंगारात मोटारीच्या तारा राह्यल्या असतीन, लोखंडासंग वितळल्या. आगीत वरचं लोखंड जळते, त्याची खपली होते. तांबं जळत नाई. ते खपलीखाली साचते, पातळ होते, आत झिरपते. वरून घण बसला का चिरते."

"मंग अजून नरम करू ना!"

"तेच तं नाई करायचं. जितकं शेकसान तितकं तांबं साचते. भरभर तापवा, भरभर ठोका. नाईतर ही सळईच नका घेऊ."

उस्मान भट्टीकडे वळला. ब्लोअर बंद केला. आग बसायला लागली.

"पयला हूक कुठं हाय, अब्बा?"

पहिला हूक कालच गेला होता. शेंदूरजनाघाटचा सूर्यभान गाडीवर बांधून घेऊन गेला. घाईत होता. हूक खपलीसकटच रंगवून मागितला. "काळा कुळकुळीत कर, उस्मानभाई, बायकोनं माह्यापेक्षा त्यालेच पाह्यलं पाह्यजे." आज त्याची संत्र्याची तोड. ट्रॉली भरणार. क्रेटांवर त्याची बायको मनकर्णाबाई आणि तोडणीच्या बाया बसून येणार, नेहमीसारख्या गाणी म्हणत.

फोन.

लागत नाही.

"बागेत टावर नसन," गजाला म्हणाली.

"बसनं जातो."

"पोचेपर्यंत ते निघाले असतीन, अब्बा."

फोन.

फोन.

उस्मानने ऐरणीवर हात ठेवला. ती अजून गरम होती. त्याने हात उचलला नाही. गजालाने तो धरून बाजूला केला, पाण्यात बुडवला, आणि दुसऱ्या हातातला फोन त्याच्याकडून घेऊन स्वतः लावत राहिली.

"आपण संपर्क करू इच्छिता..."

सूर्यभानचा हूक उस्मानने सगळ्यात जास्त वेळ शेकला होता, रस्ता उताराचा आहे म्हणून.