खोटं आहे, पुढं पाठवू नकोस

माझी लेक रचना बेंगळुरूला असते. कंपन्यांच्या कॉम्प्युटरना व्हायरस लागू नये हे बघायची तिची नोकरी. परक्या यंत्रांची तिला भारी काळजी. आईला फोन करायला मात्र बाईसाहेबांना सवड होत नाही.

मी चिकोडीच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे ईमेलचं मला वावडं नाही. रिटायर झाल्यापासून वडगावात एकटीच राहते. एकदा मेल आला: 'ही फाईल उघडलीत तर कॉम्प्युटर जळून जाईल, ताबडतोब सगळ्यांना कळवा!' मी घाबरून तो रचनाला पाठवला. लगेच तिचा फोन.

"आई, थाप हाय ती. खऱ्या इशाऱ्यात कोण सांगतंय, कधीचं हाय, धोका कशाला हाय, उपाय काय, समदं असतंय. नुसतं भ्या घालून सगळ्यांना पाठवा म्हटलं, की खोटं समजायचं."

मला तेव्हाच समजलं. पण त्या दिवशी पोरगी किती वेळ बोलली होती! मग काय, तसले मेल मी शोधून शोधून पाठवू लागले. फोन पुन्हा आला नाही. एक ओळ यायची: 'खोटं आहे, पुढं पाठवू नकोस.' तेवढी वाचून मी चहा ठेवायची. बुडत्याला काडीचा आधार.

परवा डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, गुरुवारी काढू, घरचं माणूस सोबत आणा. साड्या विणणारी शेजारची यल्लव्वा म्हणाली, "मी येतो की आक्का, एक दिवस माग बंद ठेवतो." यल्लव्वा गुणाची आहे. पण मला माझी पोरगी हवी होती.

मी मेल लिहिला. वर विषय घातला, 'ताबडतोब वाच!' आणि खाली सगळी हकिगत. उत्तर आलं: 'खोटं आहे, पुढं पाठवू नकोस.'

तिनं उघडलाच नव्हता. मी संतापले, मग रडले. करावं तसं भरावं, दोष कुणाला देणार?

डोळे पुसून पुन्हा लिहायला बसले, तिनं शिकवलं होतं तसं. सगळं विषयातच घातलं: 'सांगणारी आई. येत्या गुरुवारी ऑपरेशन. धोका उजव्या डोळ्याला. उपाय, तू ये. कुणालाही पाठवू नकोस, तुझ्याशिवाय कुणी नाही.'

उत्तर आलं नाही. संध्याकाळी गल्लीतले माग थांबले, तरी नाही. दिवा लावत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आई, खरं हाय व्हय हे?"

"तूच बघ की. वळखायचं कसं, तूच शिकवलीस न्हवं?"

पलीकडं ती हुंदके देत होती. मग म्हणाली, "बुधवारी निघतो गं. शुक्रवारी परत जायला लागंल. डावा डोळा तरी चांगला हाय न्हवं?"

"त्योबी पिकायलाय म्हणालेत डॉक्टर."

"मग तवाबी येतो."

डावा ठणठणीत आहे. त्याच डोळ्यानं मी अजून सुईत दोरा ओवते.