पुठ्ठ्याच्या घडीवरचा आरसा

मी आरसा बोलतोय. कपड्यांच्या दुकानातला, चांगला माणसाएवढा उंच. खोटं बोलायची सवय मला जन्मापासून नव्हती बरं का, ती मालकांनी लावली. मला आणलं त्याच दिवशी त्यांनी माझ्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मी जरासा मागे कललो आणि समोरचा माणूस उंच, सडपातळ दिसायला लागला. तीस वर्षं लोक माझ्यासमोर खूश झाले आणि पिशवी घेऊन घरी गेले.

मग मोबाईल आले. लोक इथे कपडा घालून बघायचे, हळूच फोटो काढायचे आणि तोच घरबसल्या मागवायचे. मालक माश्या मारत बसले.

शेवटी मालकांच्या सूनबाईंनी कंबर कसली. निम्मी कपाटं मोडून त्याच फळ्यांचं लांब टेबल केलं, शिलाई मशीन मांडलं आणि पाटी लावली: ऑनलाइन मागवलेले कपडे इथे घ्या, घालून बघा, नाही बसले तर दुरुस्त करून न्या. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने सहा महिन्यांची मुदत दिली. फार कपडे परत आले तर दुकानाला कुलूप, आणि मी भंगारात.

नेमकं तेच व्हायला लागलं. गिऱ्हाईक माझ्यापुढे हरखायचं, घरच्या आरशापुढे हिरमुसायचं आणि दुसऱ्या दिवशी कपडा परत. तेवढ्यासाठी पुन्हा गाडीची चक्कर, पुन्हा धूर. सूनबाईंना कोडं सुटेना. एकदा केर काढताना झाडू माझ्या पायाशी अडला आणि पुठ्ठा बाहेर आला.

"बाबा, हे काय?"

मालक खाकरले. "अगं, डळमळत होता म्हणून."

"तीस वर्षं?"

मी सरळ उभा राहिलो आणि मला धडकीच भरली. पहिल्याच आल्या शेजारच्या मावशी. कुणाच्या पार्सलात काय आहे, हे त्यांना पार्सलवाल्याच्या आधी कळतं. नव्या ड्रेसमध्ये त्यांनी माझ्यापुढे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळून बघितलं.

"तरीच," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी घरच्या आरशाला शिव्या घालत होते."

मग हसल्या. ड्रेस दोन्ही बाजूंनी दोन बोटं सैल करून घेतला. तो काही परत आला नाही. मावशींनी अख्ख्या गल्लीत बातमी पोचवली, आणि सहा महिने उलटले तरी मशीनची खडखड चालूच आहे.

आता एकच विनंती. दुपारी सूनबाई जेवायला गेल्या की मालक खिशातून ती घडी काढतात, माझ्या पायांखाली सारतात, पोट आत घेतात आणि केसांवरून कंगवा फिरवतात. तेवढी पाच मिनिटं बाहेर थांबा. तीस वर्षांची सवय आहे, आम्हा दोघांची.