चार नंबरवरची कोसमटोली

बाजाराच्या दिवशी पार्वताबाई पवनीला यायच्या, मिरच्या-कांदे घ्यायच्या आणि परतीच्या ऑटोत बसण्याआधी जीवनच्या दुकानात शिरून आपल्या गावाला जाऊन यायच्या. गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण जीवनच्या दुकानातल्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर ते अजून कोरडं होतं.

दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, आणि मागे पडद्याआड पोरांसाठी गेम. पार्वताबाई थैली सांभाळत थेट मागे जायच्या, खुर्चीवर बसून म्हणायच्या, "चाल बापू, गावाले जाऊ." गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवण्यात जीवनचा हात धरणारा पवनीत कोणी नव्हता, पण या बाईसाठी तो हातातलं काम टाकून उठायचा.

गेमचं नाव 'ब्लॅक गॅरिसन'. जुना, परदेशी, गोळीबाराचा. त्यात लढाईची जागा, म्हणजे नकाशा, खेळणाऱ्याला स्वतःच्या मनाचा बांधता यायचा. पार्वताबाईंच्या पोराने, विक्कीने, त्यात अख्खी कोसमटोली बांधून ठेवली होती.

विक्कीला सिकलसेल होता. हाडं दुखायला लागली की पोरगा अंथरुणावरून उठत नसे. गाव उठलं तेव्हा लोक ट्रॅक्टरवर संसार लादत होते, घरांची कवाडं, खिडक्या, छपराचे फाटे उपसून नेत होते, आणि याला साधी पाटी उचलवत नव्हती. "सगळे काही ना काही नेऊन राहिले, मी काय नेऊ?" असं म्हणत तो जीवनच्या दुकानात येऊन बसला आणि कण्हत कण्हत गाव बांधत गेला. बोडी म्हणजे गावतळं, बोडीची पाळ, विहार आणि त्यावरचा पंचशीलाचा झेंडा, समाजमंदिर, विजेचा वाकडा खांब. घरांची दारं नुसती रंगवलेली होती. उघडायचं ते एकच, त्याच्या स्वतःच्या घराचं. आत चूल होती आणि चुलीवर भाताचा गंज, म्हणजे पातेलं. एवढं झालं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात विक्की गेला. मागे राहिलं ते चार नंबरवर.

पार्वताबाई वाट सांगायच्या, जीवन बटणं दाबायचा. पाळीवरून जा, विहारापाशी थांब, आता घरी. घरात चुलीपुढे उभं राहिलं की त्या खुर्ची पडद्याजवळ ओढायच्या. एकच गोष्ट त्यांना खटकायची. खेळच बंदुकीचा, त्यामुळे पडद्यावर खालून बंदुकीची नळी कायम पुढे आलेली असायची. विहारात नळी पुढे, चुलीपाशी नळी पुढे.

"बापू, ते बंदूक बाजूले कर ना गा. आपल्याच घरात असा कोणी जाते काय?"

"नाही होत मावशी. या गेममंदी बंदूक खाली ठेवताच येत नाही."

हे त्यांचं दर बाजाराचं बोलणं होतं. उत्तर माहीत असूनही त्या विचारायच्या.

मग एक दिवस कंपनीने जाहीर केलं की 'ब्लॅक गॅरिसन' पुन्हा जिवंत करणार. नवं रूप, नवी यंत्रणा, आणि नाव तेच, मागे साधा आकडासुद्धा नाही. नव्या वसाहतीत सरळ रस्ते आखून वर जुन्याच गावाची पाटी ठोकतात, त्यातलाच प्रकार. आणि नवा आला की जुना बंद. जगभरातले जुने खेळाडू खवळले. कंपनी लुटारू आहे, जुन्याचा गळा घोटते आहे, असा ओरडा सुरू झाला.

जीवनला एक खोड होती. सगळे एका बाजूने ओरडू लागले की त्याला दुसरी बाजू पटायची, आणि पटली की ती जगाला सांगितल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही. 'झाडीपट्टी गेमर' नावाचं त्याचं चॅनेल होतं. बघणारे बेताचेच. त्यावर त्याने व्हिडिओ टाकला आणि आपल्या बोलीत कंपनीची वकिली केली.

"एका गावात दोन बाजार भरवले तं दोन्ही मरते," तो म्हणाला. "अर्धे लोकं जुन्यात, अर्धे नव्यात. मंग खेळाले गडी कुठून आणान? जुन्या गेमात लबाड्या करणारे घुसले हाय, भिंतीपल्याडचा दिसते त्यायले. ते भोकं बुजवता येत नाही, इतका तो जुना झाला. नव्यात पयले तेच तीन नकाशे देऊन राहिले जे आपुन लहानपणी खेळलो. बंदुकीचा आवाज तोच ठेवला. खेळाडूयले आधी खेळवून पाह्यला, चुका विचारल्या. अजून काय कराव कंपनीनं?"

इथपर्यंत सगळं रास्त होतं. मग त्याला चेव आला.

"आता म्हणते, आमी बनवलेले नकाशे जाईन. हजारो नकाशे पडून हाय. कोण जाते त्यात? ज्या नकाशात हप्त्यातून एक माणूस फिरते, त्या एकासाठी अख्खा गेम चालू ठेवाव काय?"

तो एक माणूस कोण, हे बोलताना त्याच्या मनात आलंच नाही. बोलणं रंगात आलं की माणसाला स्वतःचं घर दिसेनासं होतं.

व्हिडिओ गाजला. शिव्या मिळाल्या, पण बघणारे वाढले. कोणीतरी त्याचं भाषांतर केलं, आणि कंपनीच्या माणसाने त्याला निरोप पाठवला की गेम निघेल त्या दिवशी थेट प्रक्षेपण करा, आम्ही तुमचं नाव पुढे करू. पवनीतल्या झेरॉक्सवाल्याला परदेशातून असा निरोप येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. जीवन दोन दिवस गल्लीतून छाती काढून हिंडला.

पुण्याहून गोलूचा फोन आला. गोलू कोसमटोलीचाच, विक्की आणि जीवनबरोबर वाढलेला.

"तुझा म्हणणा बरोबर हाय बे," गोलू म्हणाला. "मी भांडाले फोन नाही केला. आपल्या कोसमटोलीचा काय करशीन?"

"चार नंबरचा नेट तोडून ठेवतो. तो मशीन जुनाच राहीन."

"आन नकाशाची एक कॉपी मले पाठव."

"पाठवतो ना."

नेटची वायर त्याने त्याच दिवशी काढली. कॉपी करायचं उद्यावर गेलं. उद्याला काय, तो कधी संपत नाही.

गेम निघाला त्या दिवशी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. जीवन कानाला हेडफोन आणि तोंडाला माईक लावून बसला होता. बघणाऱ्यांचा आकडा त्याने जन्मात पाहिला नव्हता एवढा चढत होता. सहा जणांची टोळी उतरवायची होती आणि चालू मशीन पाचच होत्या. कॉलेजातला योगेंद्र मागे उभा राहून म्हणाला, "चार नंबर खालीच हाय ना भाऊ."

जीवन घुटमळला. पण जगापुढे गडी कमी पडावा, तेही ज्याने गडी कमी पडतात म्हणून एवढी वकिली केली त्याच्याच दुकानात, हे त्याला सोसवेना. आणि नवा गेम वेगळ्या जागी उतरेल, जुना आपल्या जागी पडून राहील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. वायर त्याने स्वतःच्या हाताने लावली.

कंपनीने मात्र तेच केलं होतं, ज्याची त्याने वाहवा केली होती. नवा गेम उतरण्याआधी जुन्याला घराबाहेर काढत होता. 'जुनी आवृत्ती काढली जात आहे' अशी ओळ इंग्रजीत चार नंबरच्या पडद्यावर आली, ती जीवनने वाचली. वाचली तेव्हा तो माईकवर सांगत होता की कंपनीनं मन लावून काम केलं हाय. हात पुढे करून वायर ओढायला कितीसा वेळ लागला असता? पण आकडा चढत होता, आणि त्याचा हात माईकवरच राहिला.

गर्दी पांगल्यावर त्याने चार नंबर उघडून पाहिला. नवा गेम झकास चालत होता. कोसमटोली कुठेच नव्हती.

त्यानंतर तो जे करता येईल ते करून चुकला. कंपनीला लिहिलं. त्यांनी आभार मानले, दिलगिरी कळवली आणि नवा नकाशा बांधायची सोय याहून उत्तम असल्याचं सांगितलं. नागपूरच्या डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क नेली. तो म्हणाला, पाटीवर पुसून पुन्हा लिहिलंय, खालचं आता निघायचं नाही. गोलूला सांगितलं तेव्हा गोलूने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता "हं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाजाराचा दिवस उजाडला. दुकान बंद ठेवून कुठेतरी निघून जावं, असं जीवनच्या मनात आलं. पण बंद दुकानापुढे ती म्हातारी उन्हात बसून राहील हेही त्याला ठाऊक होतं. पार्वताबाई आल्या, थैली खाली ठेवली, घाम पुसला.

"चाल बापू, गावाले जाऊ."

जीवनने पुढचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यापुढे स्टूल घेऊन बसला.

"मावशी, गाव गेला."

त्यांना वाटलं वीज गेली. "मंग येईन ना. बसतो मी."

"तसा नाही. कंपनीनं जुना गेम बंद केला, नवा आणला. त्यात आपला नकाशा पुसून गेला. आता नाही येत तो."

पार्वताबाईंनी चार नंबरकडे पाहिलं. पडदा लखलखत होता. मरणाच्या बातमीची माणसाला सवय होते म्हणतात, ते खोटं आहे. फक्त त्या ओरडल्या नाहीत.

अशा वेळी जीवनला एकच गोष्ट येत होती. तो समजावू लागला. जुना चालू ठेवणं कसं परवडत नाही, दोन्हीकडे लोक वाटले तर कसं दोन्ही मरतं, नवं किती चांगलं आहे. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं, पण जीभ थांबेना.

"बरोबर हाय तेह्यचं," पार्वताबाई म्हणाल्या. "धरणाच्या साहेबायनंही असाच सांगतला होता. एका गावासाठी किती गावायचा पाणी अडवाव, म्हणे. तेही बरोबरच होता. आमी कुठी नाही म्हटला?" मग थांबून त्यांनी विचारलं, "नोटीस आली होती काय?"

"आली होती."

"तुले मालूम होता?"

"होता. मी वायर काढून ठेवली होती मावशी. त्या दिवशी गडी कमी पडला, म्हणून मीच लावली."

हे सांगायलाच हवं होतं असं नाही. पण खोटं बोलायला त्याच्यात बळ उरलं नव्हतं. पार्वताबाईंनी थैलीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"आमाले तरी पाणी सोडाच्या आधी कवाड काढून न्याले येळ देला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या नव्या घराले तोच कवाड हाय अजून. तू तं तेवढाही येळ नाही देला गा."

आवाज चढलेला नव्हता. जीवनची मान खाली गेली. वाईट इतकंच होतं की त्याने व्हिडिओत जे सांगितलं, त्यातलं काही चुकीचं नव्हतं. चुकीचं असतं तर निदान ते मागे घेता आलं असतं.

"मी नवा बांधून देतो," तो घाईने म्हणाला. "यात बांधाची सोय लय चांगली हाय. पाणी हलते, उजेड पडते. पाहा तं खरं." त्याने नवा गेम उघडला, नवा नकाशा सुरू केला. सपाट हिरवं मैदान पडद्यावर पसरलं. "सांग मावशी, आधी काय बांधू?"

उत्तराची वाट न पाहता तो स्वतःच आठवायला लागला. विक्कीबरोबर तो त्या नकाशात खेळायचा, तेव्हा विहाराच्या मागे लपायची जागा होती. वाकड्या खांबाआडून पाळीवरचा माणूस टिपता यायचा. पार्वताबाईंच्या छपरावरून तर अर्धं गाव नेमाखाली यायचं. यापलीकडे त्याला काही आठवेना. कोणाचं घर कोणाच्या शेजारी होतं, चूल दारातून डावीकडे की उजवीकडे, काही नाही. त्याच गावात जन्मला होता, आणि त्याच्याजवळ उरलं होतं ते नुसतं गोळ्या मारायचं गाव.

"चूल कोणत्या अंगाले होती मावशी?"

"ते विक्कीले मालूम," पार्वताबाई म्हणाल्या. "मी तं त्यानं मांडली तेच पाहत होतो इतके वर्स. आधीची कुठी होती, आता नाही सांगता येत."

जीवनने बटणांवरून हात उचलला. मग त्याला एक गोष्ट आठवली. या म्हातारीला देण्यासारखं आपल्याजवळ काहीतरी आहे, या आशेने त्याने एक बटण दाबलं. खालून आलेली नळी सावकाश खाली गेली आणि पडद्याबाहेर नाहीशी झाली.

"हे पाहा मावशी. नव्यात बंदूक खाली ठेवता येते."

पार्वताबाई पुढे झुकल्या. बंदूक खरंच नव्हती. इकडून तिकडे हिरवं मैदान होतं, वर निळं आभाळ, आणि मधे काही नाही. त्यांनी ते नीट, मन लावून पाहिलं.

"आता कायले ठेवली?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी थैली उचलली, अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडल्या आणि ऑटो स्टँडकडे चालू लागल्या.