धाकट्याची लेक

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईंनी ऐन बत्तिसाव्या वर्षी आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली, तेव्हा नात्यागोत्यात त्यांचं कोण कौतुक झालं! "ताई, माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी हे फिटायचं नाही," धाकटा रडत म्हणाला होता.

पुढे वीसेक वर्षांनी ताईंची उरलेली किडनीही रक्तदाबानं खाल्ली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. घरी आलं की शिलाई मशीनचं पेडल दाबायचंही त्राण उरत नसे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. डॉक्टर म्हणाले, "नात्यातलं कुणी देतंय का बघा."

थोरल्या बहिणीला मधुमेह निघाला. मधल्या भावाला परगावचं काम निघालं. धाकट्याकडे चालती किडनी होती, पण ती ताईंचीच.

आणि एक दिवस धाकट्याची लेक डायलिसिसच्या खाटेशी येऊन बसली. "आत्या, मी तपासणी करून आले. जुळतंय."

ताई नुसता तिचा हात धरून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी धाकटा दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, तू नाही म्हण. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

"मी का नाही म्हणू?"

"अगं, तिचं सगळं आयुष्य पडलंय! लग्न व्हायचंय. पोटची पोर कापायला कशी देऊ मी?"

"मीही कुणाच्या तरी पोटचीच होते," ताई म्हणाल्या. "बाबांनी दिलीच ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा मरत तू होतास."

'जाऊ दे, नको' हे शब्द ताईंच्या ओठांवर आले होते. पण जीव कुणाला नकोसा झालाय? "मी नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. तो उठून गेला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पोरगी चौथ्या दिवशी हिंडू-फिरू लागली, आत्याची चौकशी करायला भिंत धरत दोनदा येऊनही गेली. धाकटा रोज यायचा, फळं आणायचा, लेकीच्या उशाशी बसायचा. ताईंची खोली त्याच व्हरांड्यात, तीन दारं पलीकडे. रोज त्याची पावलं ऐकू यायची. ती कधी त्यांच्या दाराशी थांबली नाहीत.

घरी सोडलं, तेव्हा ताई रिक्षा करून एकट्याच गेल्या.