झाकलेला गुणक

डी मेसॉन नावाचा कण फुटतो तेव्हा त्यातून के मेसॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर पडू शकतात. हे किती सहज घडतं ते ठरवणारा एक आकडा असतो, फॉर्म फॅक्टर. अवकाश-काळाची बारीक जाळी कल्पून तो संगणकावर काढायचा, हे माझं पीएचडीचं काम. शेवगावात हे सांगितलं की लोक 'बरं बरं' म्हणतात आणि लग्नाचं विचारतात.

प्रयोगवाल्यांचा आकडा आधीच जाहीर आहे. आपलं गणित नकळत तिकडे झुकू नये म्हणून आमच्या गटात एक शिस्त पाळतात. माझा सहकारी हर्षल सुरुवातीलाच सगळ्या आकड्यांना एका गुप्त संख्येनं गुणून ठेवतो. आम्ही त्या झाकलेल्या आकड्यांवरच सगळं तपासतो. आता काही बदलायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलं, की मगच तो गुणक सांगतो.

प्रबंध लिहायला मी घरी आले होते. सकाळी व्हिडिओ कॉलवर हर्षलनं गुणक सांगितला, मी भागाकार केला. आकडा प्रयोगापासून भलताच लांब. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "चूक शोध." दुपारपर्यंत सापडली. एक दुरुस्ती मी दोनदा लावली होती, आणि आकडे झाकलेले असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदाच लावली, तर आकडा थेट प्रयोगावर जाऊन बसला.

दुपारी पुन्हा कॉल लावून सांगितलं, तर सगळे अभिनंदन करायला लागले. कॉल संपल्यावर मला रडू कोसळलं.

पप्पा आत आले. जन्मभर झेडपीच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. मी सगळं सांगितलं.

"मंग रडती कशाला यशू? चूक खरी हुती ना?"

"खरीच होती. पण आकडा जुळला आणि मी शोधायचं थांबले. जुळला नसता तर अजून शोधत बसले असते."

"मंग शोध की अजून."

"आता उत्तर डोळ्यांसमोर आहे, पप्पा. आता जे बघीन ते त्याच्याच बाजूनं बघीन."

"पुन्हा पहिल्यापासून कर. नवे आकडे, नवा गुणक."

मोठ्या संगणकावर वेळ मिळायला पुढचं वर्ष उजाडणार आणि माझी फेलोशिप त्याआधीच संपणार. मॅडम म्हणतात, झालं ते प्रबंधात सरळ लिही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी लिहिणारच आहे. पण त्यानं माझी खात्री परत येत नाही, आणि मला हवी होती ती तेवढीच.

पप्पा खाटेवर टेकले.

"अन् बरोबरच असंल तर?"

"असेलही. पण ते आता मला कळायचं नाही."

दारात आई शेजारच्या रंगुबाईंना सांगत होती, "आमच्या यशूचं गणित जुळलं बाई एकदाचं. चला, आत या, त्वांड गोड करून जा."